सुमतीबाईंचा बदलीचा अर्ज

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी मिरच्या निवडत होतो. शेजारी उभ्या असलेल्या बाईने मला ओळखलं. ती सर्वणची, सुमतीबाईंची जुनी विद्यार्थिनी. "दादा, आमच्या बाई गेल्या. तुमका कळलें ना?" ती हळूच म्हणाली. पंधरा दिवस होऊन गेले होते. सकाळी आंघोळ करून खुर्चीत टेकल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत... माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आणि नीलू?" तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "नीलू आसा. ती खंय वतली?" खरंच, ती कुठे जाणार होती...

नीलू ही सुमतीबाईंची एकुलती एक मुलगी. जन्मापासूनच हातापायांत जोर नाही, बोलणं नाही, मान धरायलाही कोणीतरी लागतं. आज ती पंचेचाळिशीच्या पुढे आहे. माझी आणि तिची पहिली ओळख झाली ती कागदावर. गोवा राज्य होण्याच्या आगेमागेची ती वर्षं. मी शिक्षण खात्याच्या कचेरीत बदल्यांच्या टेबलावर कारकून होतो. सुमतीबाई सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. घर डिचोलीजवळ सर्वणला आणि शाळा पार पेडण्यात, इब्रामपूरला. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, तो नीलू दोन वर्षांची असताना तापाने गेला. घरात म्हातारी सासू. बाई अंधार असतानाच उठून मुलीचं सगळं करायच्या, दोन बसगाड्या बदलून शाळा गाठायच्या आणि घरी परतायला संध्याकाळचे सहा वाजायचे. दर मे महिन्यात त्यांचा अर्ज यायचा, की सर्वणच्या आसपास कुठलीही शाळा द्या. आणि दर जूनमध्ये मी उत्तर टाइप करायचो, की विनंती मान्य करता येत नाही. नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असतील तर बदलीचा विचार व्हायचा, कर्मचारी स्वतः आजारी असेल तरी व्हायचा. पण मूल अंथरुणाला खिळलेलं आहे, हे कारण कुठल्याच नियमात बसत नव्हतं. तिसऱ्या वर्षी तर मी जुनंच पत्र समोर ठेवलं आणि तारीख तेवढी बदलली.

त्या वर्षी त्या स्वतः कचेरीत आल्या. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी. मला कीव आली म्हणा किंवा शहाणपणा दाखवायची हौस म्हणा, मी खालच्या आवाजात म्हटलं, "बाई, स्वतःच्या दुखण्याचा दाखला आणा. कंबरेचा आणला तरी चालेल. काम होईल."

"भाऊ, माझी कंबर धड आहे म्हणून ती मुलगी अंथरुणातून उठते," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ तेवढं एकच आहे. ते कागदावर मोडून कसं देऊ?"

कचेरीत तेव्हा कोंकणी की मराठी यावरून रोज वाद चालायचे. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडे राहायचे आणि माणसं तावातावाने बोलायची. मीही बोलायचो. बाई बाकावर बसून साहेबांची वाट पाहत होत्या. आमच्यातल्या एकाने त्यांनाच विचारलं, "बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्ही सांगा, मुलाची भाषा कुठली?" बाई म्हणाल्या, "माझ्या मुलीला दोन्ही येत नाहीत. ती डोळ्यांनी सांगते, ते मला कळतं." त्या काही टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. विचारलं, त्याचं उत्तर दिलं होतं. आम्ही सगळे आपापल्या डब्यांकडे वळलो. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. बाई चारच्या बसने परत गेल्या.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी त्यांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कारणाच्या जागी सुवाच्य अक्षरात एक ओळ होती... मुलीचा हात मोडल्यामुळे. हकीकत मला नंतर कळली. दुपारी सासू नीलूला कुशीवर वळवायला गेली आणि दोघी खाटेवरून खाली आल्या. म्हातारीला तिला उचलता येईना. आजूबाजूची माणसं शेतावर गेलेली. सहा वाजता बाई दारात आल्या तेव्हा नीलू जमिनीवर होती आणि सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "म्हाका ती उखलपाक जायना गो," एवढंच म्हातारी पुन्हा पुन्हा सांगत होती. मला ती उचलवत नाही गं... मी तो अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवला. खणात जूनमधल्या पत्राची कार्बन प्रत होती. तिच्यावरची टंकलेखकाची आद्याक्षरं माझी होती.

पुढच्या वर्षी त्यांचा अर्ज आला नाही. पर्यवेक्षकांबरोबर मला इब्रामपूरला जावं लागलं तेव्हा त्याचं कारण दिसलं. बाईंनी शाळेला लागून एक खोली भाड्याने घेतली होती आणि नीलूला आणि सासूला तिथेच आणलं होतं. वर्गात जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात एक चटई, उशांचा टेका, आणि त्यावर नीलू. नऊ-दहा वर्षांची, पण दिसायला पाचाची. बाई फळ्यावर लिहीत असताना तिची मान कलली, तशी पुढच्या रांगेतली एक मुलगी न सांगता उठली, उशी सरळ केली आणि जागेवर जाऊन पुन्हा लिहायला लागली. पर्यवेक्षकांनी वहीत काहीतरी लिहायला पेन काढलं, जरा थांबले, आणि पेन खिशात ठेवून दिलं.

आणि नेमकं दोन वर्षांनी बदल्यांच्या यादीत बाईंचं नाव आलं. एका शाळेत बरीच वर्षं झाली म्हणून मोरजी. इतकी वर्षं मागूनही न मिळालेली बदली आता न मागता आली होती, तीही समुद्राकाठी, जिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. बाई आल्या, माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, आता काय लिहू? आधी लिहायचे, मला हलवा. आता लिहू, हलवू नका?"

"तुम्ही काही लिहू नका," मी म्हटलं. "या वेळी मी लिहितो."

नोकरीत पहिल्यांदाच मी स्वतःच्या मनाने टिपणी लिहिली. साहेबांनी ती वाचली आणि विचारलं, "याला नियम कुठला?" मी म्हटलं, "नियम नाही, साहेब." आणि सोबत तो रजेचा जुना अर्ज ठेवला. त्यांनी चष्मा काढून तो वाचला. मग एका वर्षापुरती बदली थांबवण्याचा शेरा मारला. पुढे दर वर्षी मी तीच टिपणी लिहीत गेलो. सहा वर्षांनी सर्वणच्या शाळेत जागा रिकामी झाली तेव्हा बाई घरी परतल्या. सासू त्याच्या आदल्या वर्षीच इब्रामपूरच्या त्या खोलीत वारली होती. स्वतःच्या घरात मरायचं, एवढीच तिची इच्छा होती. ती राहून गेली...

अपंग मुलं सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या बदलीतून सूट देणारं परिपत्रक निघालं, तोवर आम्ही दोघेही निवृत्त झालो होतो. मी त्याची प्रत घेऊन सर्वणला गेलो. बाईंनी ती उभ्यानेच दोनदा वाचली. "मागल्या तारखेपासून लागू नाही ना?" त्यांनी विचारलं आणि किंचित हसल्या. मग कागद घडी करून मला परत देत म्हणाल्या, "बरें जालें. दुसऱ्या कोणाला तरी होईल." आत नीलूची हालचाल ऐकू आली, तशा लगबगीने गेल्या.

बाजारात ती बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सर्वणला गेलो. बाईंची धाकटी बहीण येऊन राहिली आहे. नीलूला भरवायची वेळ होती. पेजेची वाटी घेऊन ती खाटेपाशी बसली होती आणि नीलू ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत होती. "अक्का भरवताना पाढे म्हणायची," बहीण म्हणाली. "दर घासाला एक पाढा. आकडा ऐकला की ही तोंड उघडते. मला दहाच्या पुढचे येत नाहीत, भाऊ. तेवढ्यात अर्धी वाटीसुद्धा संपत नाही." मी चमचा हातात घेतला. अकरा एके अकरा म्हटलं... नीलूने मान वळवली नाही, पण ओठ सुटले. अकराचा झाला, बाराचा झाला. सतराच्या पाढ्यात, सतरा पंचे पंच्याऐंशीनंतर मी अडलो. कितीही आठवलं तरी पुढचं येईना. वाटीत अजून पेज होती आणि नीलू तोंड उघडं ठेवून वाट पाहत होती.

मग मी परत बे एके बे पासून सुरुवात केली.