टँकरच्या रांगेतली नववीची परीक्षा

दुष्काळाची ती वर्षे होती आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होते. रस्ते खोदलेले, वळणे बदललेली. शाळेच्या बसला दीड-दोन तास लागायचे आणि लेकीला रोज उलट्या. आठवीनंतर तिला शाळेतून काढले. नववी घरी, मग सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून, असे ठरले. मी रंगीत वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवले. त्यात केस धुवायलाही जागा होती. टँकरला नव्हती, कारण उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत तो कधी येईल हे टँकरवाल्यालाही माहीत नसे.

मार्चमध्ये सासरे कन्नडहून आले, ते प्रश्नपत्रिका घेऊनच. निवृत्त मुख्याध्यापक.

"पास झाली तर दहावीही शिकू दे घरी. नाहीतर जूनमध्ये शाळा."

लेकीने माझ्याकडे पाहिले. तिला आत्ताच बसचा वास येत असावा.

"सूनबाई, तुम्ही बाहेर. मायलेकींचे इशारे मला कळतात."

पहिला प्रश्न संपत नाही तोच टँकरचा हॉर्न वाजला. आमच्या गल्लीचा कायदा कडक: ड्रमपाशी माणूस नसेल, तर पाइप पुढच्याच्या ड्रममध्ये. मी बादल्या वर नेणार, तर पाइप कोण धरणार? मी खालून हाका मारू लागले.

उभ्या नोकरीत सासऱ्यांनी परीक्षा मध्येच सोडली नव्हती. आजही सोडली नाही. ते परीक्षाच खाली घेऊन आले. नातीच्या हातात पाइप, त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका.

"तोंडी घेतो. पावसाचे प्रकार सांग."

"आधी पाऊस तरी दाखवा, गुरुजी!" रांगेतून कुणीतरी ओरडले.

"आरोह, प्रतिरोध..." लेक अडकली.

"आवर्त! आवर्त!" वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या मुलाचीही नववीच चालू होती.

"कॉपी!" सासरे गरजले.

"पोरीचे हात गुंतलेत, गुरुजी. तोंड आम्ही चालवलं तर काय बिघडलं?"

पुढचे तीन प्रश्न अख्ख्या रांगेने सोडवले, त्यातले दोन चुकीचे. लेक पाइप सोडून रांगेतल्यांशी भांडायला लागली. पाणी सासऱ्यांच्या धोतरावर. ड्रम भरला तेव्हा त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली.

"सामूहिक कॉपी. हे केंद्र रद्द."

मी बादली खाली ठेवली. "मग जूनमध्ये शाळा?"

"फेरपरीक्षा. पण भूगोल कच्चा आहे तिचा. आठ दिवस मी शिकवतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या वेळापत्रकावर लाल पेन फिरवले. केस धुणे रद्द, भूगोल दोनदा. फेरपरीक्षा दार-खिडक्या लावून झाली. लेक पास झाली. शेरा मिळाला, 'अक्षर सुधारावे.'

आठ दिवसांचे जवळजवळ तीन महिने झाले. जूनमध्ये शाळा उघडल्या त्या सोमवारी सासऱ्यांनी पिशवी भरली, मी डबा दिला आणि लेक त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेली. दोघे नकाशातल्या कुठल्याशा डोंगरावरून भांडत होते. शाळेची बस बाजूने गेली, तिकडे दोघांनीही पाहिले नाही.