एकच रिंग

आमच्या गोदामातला फोन उचलायचा नसतो. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. नाहीतर तो धावत जाऊन उचलतो आणि आत्याच्या कपाळावरच्या आठ्या बघून आठवडाभर हबकलेला राहतो. पद्धत अशी, की गाडीवाल्याने माल पोचवला की गोदामात फोन लावायचा आणि एक रिंग वाजली की कापायचा. एक रिंग म्हणजे पोचलो. फोन फुकट, निरोप पक्का. मग आत्या उठते आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे खडूने बरोबरची खूण करते.

ही शक्कल आतोबांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची. आम्ही व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या आणि आजारी माणसांचे पलंग विकतो. दुकान बाबांचं होतं, आता माझं आहे. गोदाम आत्याच्या नावावर. गाडी आतोबांनी शेवटपर्यंत चालवली, आणि हे मी अक्षरशः म्हणतोय. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी माल पोचवायला गेले, ते स्टिअरिंगसमोरच गेले.

त्या दिवसाची एक खूण फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात अजून आहे. गिऱ्हाइकाचं नाव पुसट झालंय, पण खूण ठसठशीत. आत्या ती अधूनमधून गिरवत असावी. तिथे कोणी फडकं लावत नाही. आम्ही सगळे त्याला प्रेम समजत होतो.

आता दोन गाड्या आहेत, दोन ड्रायव्हर आहेत आणि दिवसाला दहा-बारा रिंगा वाजतात. प्रत्येक रिंगेला गोदाम गप्प होतं. हमाल हातातलं खोकं तसंच धरून उभा राहतो. आत्या फोनकडे बघत बसते, दुसरी रिंग वाजते का याची वाट बघत. ती वाजत नाही. मग खूण करण्याआधी ती स्वतःचा मोबाईल घेऊन पलंगांच्या रांगेमागे जाते आणि हळू आवाजात गिऱ्हाइकाला विचारते, आमची गाडी आली का, माणूस दिसतोय का तुम्हाला, नीट आहे ना? एका गृहस्थाने तर मला दुकानात येऊन विचारलं, आजारी आमचे वडील आहेत की तुमचा ड्रायव्हर?

मी हसलो, पण खरं सांगायचं तर त्या जागेत मला भीती वाटायची. दुपारी तीनच्या सुमाराला मी तिथे पाय ठेवत नसे. घरी आंघोळ करतानाही मधेच एक रिंग ऐकू यायची आणि मी नळ बंद करून कान देऊन उभा राहायचो.

म्हणून मी एक लॉजिस्टिक कंपनी शोधली. माल त्यांनीच ठेवायचा, त्यांनीच पोचवायचा, आपण फक्त विकायचं. घोडं आत्याच्या सहीपाशी अडणार हे मी धरूनच चाललो होतो. पंधरा दिवस भाषणं घोकली, बायकोला पुढे पाठवून जमीन भुसभुशीत करून घेतली. आत्याने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बोलाव त्यांना. सुटू दे मला एकदाचं." मी गारच पडलो. ती त्या गोदामाला चिकटून बसलीय, हा अख्ख्या घराचा समज होता.

कंपनीचा माणूस आला, टॅबलेट घेऊन. बोलायला गोड होता. माल कुठे आहे, किती वाजता पोचला, सही कोणाची, सगळं पडद्यावर दिसतं म्हणाला. आत्याने एकच विचारलं.

"आणि पोचलाच नाही तर?"

"पेंडिंग दाखवतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने पाठवतो. तुमचं काही अडत नाही."

"मी पार्सलचं नाही विचारत," आत्या म्हणाली. "माणसाचं विचारतेय."

तो पडद्यावर बोट फिरवत राहिला. ते तिथे नव्हतं. थोड्या वेळाने त्याने चहा संपवला आणि कागद ठेवून गेला.

तो गेल्यावर आत्या फळ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली. त्या दिवशी तीन वाजता एक रिंग वाजली. तिने खूण केली आणि चहा टाकला. दोन तासांनी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला, पलंग अजून का नाही आला म्हणून. गाडी त्यांच्या घराच्या अलीकडच्या वळणावर सापडली, अगदी कडेला घेऊन नीट उभी केलेली. आतोबांच्या हातात मोबाईल होता. शेवटचा नंबर गोदामाचा.

"त्याने मुद्दाम कापला नव्हता रे, मदतीला लावला असेल," ती म्हणाली. "बोट लागून तुटला असेल. आणि मी इथे लिहिलं, पोचला."

नऊ वर्षं ती ही खूण गिरवत होती आणि आम्ही तिच्या प्रेमाचं कौतुक करत होतो. लाज वाटली मला.

तिने तळहाताने ती खूण पुसली. नाव तसंच ठेवलं. मग म्हणाली, माल ठेवू दे त्यांना, हे छप्पर काही आता टिकत नाही. गाड्या आपल्याच राहतील आणि फोन मी दुकानात घेऊन बसेन. मी मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. हमाल खोकं धरून थांबला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत आत्याने रिसीव्हर उचलला. पलीकडे काही क्षण नुसती गाड्यांची घरघर होती. मग ड्रायव्हरचा घाबरा आवाज मलाही ऐकू आला. "आत्या? काय झालं?"

"काही नाही. तू सांग."

"पोचलो."

"ते कळलं. तू कसा आहेस?"

त्या बिचाऱ्याला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, गुडघा दुखतोय दोन दिवस. आत्या खुर्चीत बसली आणि खडू हातात धरून त्याच्या गुडघ्याचं सगळं ऐकत राहिली.