दगडं फोडायचं विद्यापीठ

मी एम.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा नागपुरातल्या आमच्या इतवारीच्या गल्लीत विद्यापीठाला एक नवं नाव पडलं. दगडं फोडायचं विद्यापीठ. नाव पाडलं ते माझ्या बाबांनीच. त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पाणी भरायचा पितळी गुंड वाजवून दाखवता दाखवता ते माझी चौकशी करणाऱ्याला म्हणायचे, "पोरगी दगडं फोडाले जाते गा आमची. सेंट्रल जेलात फुकट शिकवते हे काम, पण हिले विद्यापीठातच शिकायचं आहे."

गिऱ्हाईक हसायचं. मी आतल्या खोलीतून ऐकायची. एकदा बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, जेलात डिग्री देत नाहीत."

"अन् तुझ्या विद्यापीठात देते का? निकाल लागेपर्यंत पोराचं लग्न होऊन जाते."

हे तेव्हा सगळं शहरच बोलायचं. साठीचं दशक संपत आलं होतं. अमरावती रोडच्या बाजूला विद्यापीठाच्या नव्या इमारती उठत होत्या, नवे विभाग निघत होते, भंडाऱ्याकडची, चांद्याकडची मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन वसतिगृहात उतरत होती. पण सीताबर्डीवर चहाच्या टपरीशी उभं राहिलं की कानावर काय यायचं? परीक्षा पुढे गेली, मोर्चा निघाला, काचा फुटल्या. ज्यांच्याकडे ऐपत होती ते पोरांना पुण्या-मुंबईला पाठवत, आणि ज्यांच्याकडे नव्हती ते आमच्याकडे पाठवून वर नावं ठेवत. मला त्याचा संताप यायचा. मी त्या विभागात दिवसभर असायची. तिथे सकाळी नऊला सर येऊन बसलेले असत, काचेवर दगडाचा तुकडा घासून घासून इतका पातळ करायला शिकवत की त्यातून उजेड पार जावा. घासताना बोटांची सालं निघायची. ते कोणाला दिसत नव्हतं.

वर्गात मुलगी मी एकटीच. पहिल्या वर्षीच अडचण उभी राहिली. मनसरच्या मँगनीजच्या खाणींकडे आठ दिवसांची सहल होती. सहल म्हणजे अभ्यासच, तिच्या अहवालाला मार्क होते. सरांनी मला खोलीत बोलावलं. माणूस सज्जन होता, नजर टेबलावर ठेवूनच बोलला.

"तुला नेता येणार नाही. मुलींची सोय नाही तिकडे. तू इथेच संग्रहातल्या नमुन्यांवर अहवाल लिही. मी मार्क देईन."

"सर, मार्क नकोत. मला खाण पाहायची आहे."

"सोबत कोणी बाईमाणूस नाही. उद्या काही झालं तर विभागाचं नाव जाईल."

मी घरी येऊन रडले नाही, चिडून भाकरी मोडत बसले. आमच्याकडे बाबांची थोरली बहीण राहायची, माझी आत्या. लहानपणीच विधवा झालेली, अक्षरओळख नाही, पण बोलायला कोणाला भीत नसे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाईमाणूस पाहिजे ना त्यायले? मंग मी बसते तुमच्या मोटारीत. मले काय करायचं आहे घरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आत्या विभागात हजर. नऊवारी, हातात कापडी पिशवी. सरांच्या टेबलासमोरची खुर्ची तिनं घेतली नाही, उभ्यानंच म्हणाली, "साहेब, मी आली. आता सांगा."

सरांनी सहलीच्या यादीत तिचं नाव लिहून घेतलं. आठवडाभरानं आम्ही एस.टी.नं निघालो. आठ मुलं, सर, मी आणि आत्या.

खाणीवर पोचलो तेव्हा डोक्यावर टोपली घेऊन बाया रांगेनं वर चढत होत्या. टोपलीत काळंभोर मँगनीज. एकीच्या पाठीला लेकरू बांधलेलं. आत्या थोडा वेळ पाहत राहिली, मग सगळ्या मुलांच्या देखत तिनं सरांना विचारलं, "साहेब, ह्या बायायले कोणी म्हणत नाई का, की खाणीत तुमची सोय नाई म्हणून?"

 सरांनी स्वतःचा हातोडा माझ्या हातात दिला. परत आल्यावर पुढच्या वर्षाच्या प्रवेशाच्या माहितीपत्रात 'सहल सर्वांना आवश्यक' असं त्यांनी लिहून घेतलं, ते मी छापलेलं पाहिलं. त्यांनी मला त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही.

मी पहिल्या वर्गात पास झाले. निकाल उशिरा लागला हे खरं, पण लागला. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या शहरातून मुलाखतीचं बोलावणं आलं. खातं कोणतं ते लिहीत नाही. जागा भूगर्भशास्त्राच्या होत्या आणि मला त्या हव्या होत्या. बाबा स्वतः सोबत आले, बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

आत टेबलामागे तिघं. मधल्या गृहस्थांनी माझा अर्ज उचलला, नाव न वाचता खालचं विद्यापीठ वाचलं आणि शेजाऱ्याकडे पाहून म्हणाले, "नागपूर! तिकडे परीक्षा होतात का अजून?"

तिघंही हसले. वाईट हसणं नव्हतं ते. सवयीचं होतं. म्हणूनच मला ते जास्त लागलं. बाबांचं हसणं मी रोज ऐकत होते, पण ते घरचं होतं. ह्यांनी ती इमारत डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

मी म्हटलं, "होतात सर. माझी झाली. पण तुमचा भरवसा नसेल तर आत्ता घ्या."

 शब्द आता परत घेता येत नव्हते आणि घ्यायचेही नव्हते. मधल्या गृहस्थांनी शिपायाला हाक मारली. त्यानं लाकडी खोका आणला, त्यातून सहा तुकडे काढून माझ्यासमोर मांडले.

"सांगा."

मी एकेक उचलला. भिंग मागितलं. पहिला पट्टेदार, आमच्या शहराच्या पूर्वेकडे विहिरींतून निघतो तोच. दुसरा काळा पाषाण, सीताबर्डीची सगळी टेकडी त्याचीच. तिसरा, चौथा, पाचवा सांगितले. सहावा काळा, जड, छिद्राछिद्रांचा. त्या काळ्या पाषाणालाही अशी छिद्रं असतात, वाफेचे बुडबुडे अडकून राहिलेले. पटकन पाहिलं तर तोच वाटावा. मी तो हातात फिरवला. एका कडेला काचेसारखी हिरवट चमक होती. ती चमक मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला ओतकाम करणाऱ्यांच्या भट्ट्या होत्या, धातू वितळला की वर जी घाण येते ती ते बाजूला काढून टाकत. आम्ही पोरी ते थंड झालेले गोळे घेऊन ठिकरीबिल्ला खेळायचो.

"हा दगड नाही," मी म्हटलं. "भट्टीतून काढून टाकलेला मळ आहे. तुमच्या खोक्यात चुकून आला असेल."

चुकून आला नव्हता. डावीकडचे गृहस्थ पुढे झुकले आणि म्हणाले, "आज दिवसभरात हा कोणाला ओळखता आला नाही."  मधल्यांनी माझा अर्ज या वेळी पहिल्या ओळीपासून वाचला.

महिनाभरानं पत्र आलं. निवड झाली होती. पण खाली एक ओळ होती: पहिलं वर्ष मला पूर्ण नेमणूक मिळणार नव्हती, खात्यातर्फे मूलभूत विषयांचं शिक्षण घेऊन त्यात उत्तीर्ण व्हावं लागणार होतं. मी उलट टपाली विचारलं की ही अट सगळ्या निवडलेल्यांना आहे, की फक्त मला? उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. तेव्हा कळवलं गेलं की 'काही विद्यापीठांच्या' उमेदवारांना ती आहे.

बाबांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, जा, नोकरी सोडू नको. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तू सगळी दगडं ओळखली, तरी तुले पहिलीत बसवून राहिले ते?"

"हो."

"अन् काहून? नागपूरची आहे म्हणून?"

"हो."

"मंग नको जाऊ," बाबा म्हणाले. मग दुकानात गेले. त्या दिवसानंतर गिऱ्हाइकापुढे त्यांनी तो जेलचा विनोद केला नाही.

मी गेले नाही. हा शहाणपणा होता असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. पुढची कितीतरी वर्षं मी विभागात तात्पुरती अधिव्याख्याता होते, दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर पावसाळ्यात पुन्हा सुरू व्हायची. सोबतची मुलं मोठ्या पदांवर पोचली. कधी कधी दुपारी रिकाम्या प्रयोगशाळेत बसून मला त्या पत्राची आठवण यायची. पण सही करून ती अट मान्य केली असती, तर पुढे माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येक पोरासाठी मी ती मान्य केल्यासारखी झाली असती. ते मला जमलं नसतं.

मग सत्तरीच्या दशकात दोन वर्षं पाऊस धड पडला नाही. शहराच्या पश्चिमेला नव्या वस्त्या झाल्या होत्या, नळ तिथपर्यंत नीट पोचला नव्हता. लोक विहिरी खोदत होते. कोणी नारळ तळहातावर उभा धरून पाणी दाखवत होता, कोणी कडुलिंबाची काटकी. अशाच एका वस्तीतले चार जण एका सकाळी विभागाच्या दारात आले. पुढे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. टोपी हातात घेऊन म्हणाले, "दगडाचं शिकवते ते हेच का? आमच्या दोन विहिरी कोरड्या गेल्या. नारळवाल्यानं दाखवलेल्या होत्या."

सर तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जा. मुलांना घेऊन जा."

पंधरा दिवस आम्ही त्या वस्तीतली आणि आसपासची प्रत्येक विहीर पाहिली. दोराला दगड बांधून पाणी किती खोल ते मोजलं. बाया काठावर येऊन विचारायच्या, "काय पाहून राहिली वं बाई?" मी सांगायची. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक असतात, दोन थरांच्या सांध्यात लाल मातीची रेघ असते, तिच्या खालच्या भेगाळ दगडात पाणी साठतं. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते हे त्या बायांना अचूक पाठ होतं. आमचा निम्मा नकाशा त्यांच्या सांगण्यावर झाला. त्या नकाशावर आम्ही तीन जागा दाखवल्या.

पहिल्या विहिरीला लाल रेघ लागली, आणि चार हात खाली पाणी. दुसरीलाही लागलं. तिसरी, जी मीच सगळ्यात ठामपणे दाखवली होती, ती अखंड दगडात गेली. सुरुंग लावून लावून लोक थकले. थेंब नाही.

पाणी लागल्याबद्दल वस्तीनं देवळासमोर सभा ठेवली. पेढे होते, हार होते. मी बोलायला उठायच्या आधी पोस्टमास्तर माझ्या कानाशी वाकले.

"बाई, त्या तिसरीचं नका काढू. दोन लागल्या ना, तेच सांगा. तुमच्या विद्यापीठाचं नाव होऊन राहिलं आज."

त्यांचा हेतू चांगला होता. समोर माझे विद्यार्थी बसले होते, नखांत अजून विहिरींची माती होती. आणि कितीतरी लोक बसले होते, ज्यांनी आमच्याविषयी ऐकीव गोष्टींखेरीज काही माहीत नव्हतं.

मी उभी राहिले आणि तिसऱ्या विहिरीपासूनच सुरुवात केली. "ती जागा मी दाखवली होती. ती चुकली. दगड एवढा एकसंध असेल हे मला वरून कळलं नाही. कशी चुकली ते आम्ही विभागाच्या नोंदवहीत लिहिलं आहे, नकाशासकट. ज्याला पाहायचं त्यानं यावं. नारळवाल्याला विचारा, त्याच्या चुका त्यानं कुठं लिहून ठेवल्यात?"

 पोस्टमास्तर खाली मान घालून टोपी झटकत होते. मग मागून एक म्हातारा ओरडला, "मंग चवथी कुठं खोदाची, ते सांग ना बाई!"

सगळे हसले. मीही हसले. सोमवारी सकाळी तो म्हातारा आणि त्याच्या गल्लीतल्या सहा जणी विभागाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या होत्या. मी कुलूप उघडलं, मोठ्या टेबलावर नकाशा पसरला आणि विचारलं, "तुमची विहीर कोणत्या महिन्यात आटते?"