होडीत बसायचं राहिलं

सहल म्हटली की मला आधी वही आठवते. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे असंच होतं. श्रीगोंदा तालुक्यातल्या ज्या तीन गावांत मी नोकरी केली, तिथल्या पोरांना मी दरवर्षी सहलीला नेलं आणि प्रत्येकाच्या हातात वही दिली. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'काय पाहिलं', उजवीकडे 'काय मिळालं'. राळेगणसिद्धीला तर आम्ही इतक्या वेळा गेलो की तिथले बांध आणि चर मला आमच्या गल्लीसारखे पाठ झाले. पोरं बांधावरून उड्या मारायची आणि मी खालून ओरडायचो, मुद्दे लिहा, मुद्दे. दहा मुद्दे झाल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही, हा माझा नियम होता. एकदा चौथीतल्या एका पोरीने विचारलं, गुरुजी, 'काय आवडलं' असा तिसरा रकाना काढू का? मी म्हणालो, पानावर जागा नाही. जागा भरपूर होती.

डिसेंबरात शिक्षकांची बैठक बसली की वाद ठरलेला असायचा. माझ्या शाळेतले एक सर, माझ्याहून बरेच लहान, म्हणायचे की एक वर्ष पोरांना पाळण्यांच्या पार्कात नेऊ आणि नुसतं खेळू देऊ, शिकायला बाकीचं वर्ष आहेच. मी म्हणायचो, परवानगीच्या अर्जात शैक्षणिक हेतू लिहावा लागतो, तिथे काय लिहू, गरगर फिरणे? आई-बाप उसात राबतात ते पोरांनी पाळण्यात बसून किंचाळावं म्हणून नाही. सगळे हसायचे, ते सरही हसायचे, आणि सहल पुन्हा राळेगणला जायची. मला वाटायचं, आपण जिंकलो.

अशा माणसाने स्वतःच्या पोरीला त्या पार्कात नेलं कसं, असं कुणीही विचारेल. नेलं, कारण तिने तिसरीत पहिला नंबर काढला होता आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं एक चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. चित्रात एक मोठी होडी होती. पाण्यातली नव्हे. दोन खांबांच्या मधे टांगलेली, एका बाजूने आभाळात जाणारी आणि मग दुसऱ्या बाजूने. ती रोज कपाट उघडायची आणि बघायची. बायको म्हणाली, एकदा न्या की पोरीला. मग मे महिन्यात आम्ही तिघं पहाटेची एसटी धरून पुण्याला गेलो आणि तिथून पार्कवाल्यांच्या बसने घाट उतरून पार्कात.

बसमध्ये ती खिडकीशी बसून सारखी हसत होती. कशाला हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. पार्कात शिरल्या शिरल्या लाटांचा एक भलामोठा तलाव होता. घरी आम्ही कालव्याला कुकडीचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, कधी सुटतंय म्हणून डोळे लावून बसलेलो, आणि इथे पाणी नुसतं लोकांच्या अंगावर उसळत होतं. पोर ओरडली, "पप्पा, आवर्तन सुटलंय." आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बायको पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो, आणि मग पिशवीतून वही काढली.

आज हे लिहिताना माझा मलाच राग येतो. पण तेव्हा मला यात काही चुकतंय असं जराही वाटलं नाही, हे खरं सांगायला पाहिजे. उलट मला माझं कौतुक वाटत होतं. बाकीचे बाप पोरांना नुसते फिरवत होते, मी शिकवत होतो. तलावापाशी तिने माझ्या सांगण्यावरून लिहिलं : पाण्याचा अपव्यय होतो. फिरत्या पाळण्यापाशी लिहिलं : जोरात फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते. घसरगुंडीपाशी उतार आणि घर्षण. प्रत्येक ठिकाणी मी विचारायचो, "मग, काय मिळालं?" आणि ती ओले हात फ्रॉकला पुसून लिहायची. पानाला पाण्याचे डाग पडले म्हणून मी एकदा रागावलोही.

होडी तिने शेवटाला ठेवली होती. आवडीची वस्तू मुलं ताटात शेवटी ठेवतात तशी. चार वाजून गेले होते. रांगेत आमच्यापुढे फार माणसं नव्हती. मी वही चाळली आणि मुद्दे मोजले तर सात भरले. मी म्हणालो, आधी तीन पूर्ण कर, मग बस. बायको म्हणाली, अवो, बसू द्या तिला, घरी लिहील. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, शाळेतल्या पोरांना एक आणि घरच्या पोरीला एक असं नाही चालणार. पोर समोरच्या बाकावर बसली आणि लिहायला लागली. पेन दातात धरून विचार करायची, वर होडीकडे बघायची, पुन्हा खाली मान घालायची. दहावा मुद्दा संपवून ती पळत गेली तेव्हा तिथला माणूस साखळी लावत होता. आजची शेवटची फेरी झाली, तो म्हणाला.

ती रडली नाही. रडली असती तर कदाचित मला कळलं असतं. तिने पेनाला टोपण लावलं. मी तिची समजूत घातली, बसून काय मिळालं असतं, बघितलीस ना नीट, बघूनच माणूस शिकतो. तिने मान हलवली. माझं ऐकायची तिला लहानपणापासून सवय होती.

घरी येऊन मी वही तपासली. दहा मुद्द्यांच्या खाली तिने आपल्या मनाने एक ओळ लिहिली होती, होडीत बसायचं राहिलं. डाव्या रकान्यात. उजवा रकाना मोकळा. मी लाल पेनाने ती ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, हा मुद्दा नाही. पुढे ती वही मी कितीतरी वर्षं वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवली. अकरावी ओळ अर्थातच वाचायचो नाही.

पेरलं ते उगवलं. पोरगी हुशार निघाली. शिष्यवृत्ती झाली, दहावी-बारावी झाली, पदवी झाली, आणि मग स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला खोली घेतली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेतच राहिली. या उन्हाळ्यात ती घरी आली तेव्हा तिचे कपडे तिला मोठे होत होते. जेवताना पुस्तक, केस विंचरताना मोबाईलवर कुणाचं तरी व्याख्यान. मावशीच्या घरी लग्न होतं, तिथे मांडवात ती कानात मोबाईलची बोंडं घालून बसली. बायकोने बळेच दुपारी झोपायला लावलं तर डोकं दुखायला लागलं, आणि उठून तिने कपाट आवरायला काढलं. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, आजार काही नाही, चार दिवस हिला पूर्ण आराम द्या. तिने विचारलं, आराम म्हणजे नेमकं काय करायचं? डॉक्टरांना वाटलं ती चेष्टा करतेय. मला माहीत होतं, ती खरंच विचारतेय.

त्या दिवशी बायको भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी तिला सगळं शिकिवलं. नुसतं बसायचं कसं ते शिकिवलं न्हाई."

तिचं खरं होतं. पण हाडाचा मास्तर, गप्प तरी कसा बसेल. मी ठरवलं की हेही शिकवू. तिला त्या पार्कात परत न्यायचं, या वेळी काहीही न शिकवता. कागद घेऊन बसलो आणि दिवसाची आखणी केली. आधी तलाव, मग जेवण, मग सावलीत तासभर काही न करणे, मग होडी. कागद पुरा झाल्यावर लक्षात आलं की हे पाठाचं टाचण झालं. आराम कसा करावा याचं टाचण काढणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर मी एकटाच असेन. कागद फाडून टाकला. तिला म्हणालो, एक दिवस माझ्यासाठी दे. ती म्हणाली, आई येणार असेल तर येते. पण बायको आली नाही. म्हणाली, तुमी दोघंच जा, ते तुमचं दोघांचं हाय.

मी मनाशी एकच गोष्ट धरली होती. ती लहानपणी त्या बसमध्ये हसली होती तशी एकदा हसावी. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि मला दुसरं काही नको होतं.

पार्कात बरंच बदललं होतं, पण होडी तिथेच होती, नवा रंग देऊन. पोरगी बोटावर मोजण्याइतक्या वेळा बोलली. तलावाच्या काठाशी चप्पल काढून उभी राहिली. मी म्हणालो, बघ, आवर्तन सुटलंय. ती म्हणाली, कुठे? तिला ते आठवत नव्हतं. मग तिने सांगितलं की कुकडी प्रकल्पावर मागच्या पेपरात एक प्रश्न होता आणि तो तिचा चुकला. मी विषय बदलला.

जेवण झाल्यावर मी तिला होडीपाशी नेलं. रांग छोटी होती. समोर तोच बाक होता, किंवा तसलाच दुसरा. मी म्हणालो, "बाळा, त्या वेळी तुझं बसायचं राहिलं होतं. माझ्यामुळे राहिलं. चल, आज बसू."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंद नव्हता, काहीच नव्हतं. तिने होडीकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाईलवर किती वाजले ते पाहिलं. "तुम्ही बसा, पप्पा," ती म्हणाली. "मी पिशव्या सांभाळते. तेवढ्यात माझं एक प्रकरण वाचून होईल."

मी आग्रह केला. ती म्हणाली, बसून काय मिळणार? टोमणा मारायचा म्हणून म्हणाली असती तरी बरं वाटलं असतं. ती अगदी साधेपणाने विचारत होती, शाळेतली पोरं मला एखादं गणित विचारायची तसं. रांगेतला माणूस म्हणाला, काका, सरका पुढे. मी सरकलो. का सरकलो ते सांगता येत नाही. मागे फिरून त्या बाकावर तिच्या शेजारी बसायची हिंमत झाली नाही, एवढंच.

होडी हलली. आधी थोडी, मग जास्त. मग एकदम उंचावरून खाली सुटली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. मी हसत होतो. छप्पन्नला टेकलेला माणूस, लोखंडी दांडी घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. आयुष्यात मला असं काही माहीतच नव्हतं. वर गेलं की घाट दिसायचा, आणि खाली आलं की बाकावर खाली मान घातलेली माझी पोरगी. प्रत्येक फेरीला वाटायचं, आता वर बघेल. तिने बघितलं नाही. तिला पेन्सिलने ओळीखाली रेघा मारताना मी वरून स्पष्ट पाहिलं.

होडी थांबली. मी तिच्यापाशी गेलो. तिने पेन्सिल पानात ठेवून पुस्तक मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग, काय मिळालं?"

मी म्हणालो, "काही नाही गं."

उत्तर बरोबर आलं अशी तिने मान हलवली आणि पुस्तक पुन्हा उघडलं. परतीच्या बसला अजून तीन तास होते.