मी बाकापाशी थांबले

तिसरीच्या वर्गात सरकारी चाचणी चालू होती. निकालावरून शाळेची श्रेणी ठरणार, त्यामुळे मुलांपेक्षा मलाच जास्त काळजी होती. बाकांमधून फिरताना सानिकाचा भागाकार दिसला. अगदी बरोबर! कधी नव्हे ते! मी सुखावून तिथेच थांबले.

तिने वर पाहिलं. तिचा चेहरा उतरला. खोडरबर घेऊन तिने ते उत्तर घासून घासून पुसून टाकलं. परीक्षेत बोलायची सोय नाही. मी पुढे सरकले.

पेपर गोळा झाल्यावर विचारलं, "अगं, बरोबर होतं की! का खोडलंस?"

"बाई, तुम्ही थांबलात ना."

वर्षभर मी याच बाकांमधून फिरले. बरोबर उत्तरापाशी त्याआधी एकदाही थांबले नव्हते.