नानांच्या वाट्याचे रोट

आधीच सांगून टाकतो, मी शाळेत विज्ञान शिकवतो. अंगात येणं, नजर लागणं, लिंबू-मिरच्या – या सगळ्याची वर्गात इतकी टिंगल केली आहे की पोरं मला पाठीमागे 'पुरावा सर' म्हणतात. तरी हे लिहितोय, कारण ते भर दुपारी, वीस-पंचवीस माणसांत, माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

साल १९८९, श्रावण. धरणगावला आमची पिठाची गिरणी होती. तिची मोटर वडिलांनी, म्हणजे नानांनी, जळगावच्या एका खासगी फायनान्सकडून हप्त्यानं घेतलेली. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात राहिलेले तीन हप्ते एकदम भरून ते रात्रीच्या गाडीनं आले, गिरणीत जरा थांबून घरी आले आणि चपला काढता काढता मायला म्हणाले, "बठ्ठं भरी उनू. आते मोकळा." सगळं भरून आलो, आता मोकळा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना लकवा मारला. वाचा गेली. अकरा दिवस ते मायकडे बघत घशातून नुसता आवाज काढायचे. माय पाणी पाजायची, कूस बदलायची, अंगारा लावायची. त्यांना काय सांगायचंय ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही... बाराव्या दिवशी गेले.

वर्षश्राद्ध उरकलं आणि वसुलीवाले सुरू झाले. म्हणे शेवटचे तीन हप्ते बाकी, वर व्याज. भरलेत म्हटलं, तर "पावती दाखवा." घरातले डबे, गाद्या, नानांच्या कोटाचं अस्तरसुद्धा उसवून पाहिलं. पावती नव्हतीच. तीनदा जळगावला जाऊन आलो, मॅनेजरनं मान वर करून बघितलं नाही. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे.

वसुलीला मोटारसायकलवर यायचा शेळके नावाचा माणूस. नगरकडचा, बोलणंही तिकडचं. बायका दळणाचे डबे घेऊन उभ्या असायच्या तेव्हाच नेमका यायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. एकदा मायला म्हणाला, "नवऱ्याबरोबर पावतीपण जाळली का गं?" माय दळणाचा डबा उचलायला वळली. मीच वेड्यासारखा त्याच्या अंगावर गेलो आणि शेजाऱ्यांनी मला धरलं. त्या महिन्यात निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या गिरणीवर गेली. मी कॉलेज सोडून गिरणी चालवत होतो, आमचं दोघांचं पोट तिच्यावर. झोप उडाली होती. मोटारसायकलचा आवाज आला की दळण सोडून दारात जायचो, मग ती कुणाची का असेना.

शेवटी त्यानं सांगून टाकलं – सोमवारी सकाळी येतो आणि मोटर उचलून नेतो.

त्या सोमवारच्या आदल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो... खान्देशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाईची स्थापना करतात, भाऊबंद सगळे एका घरी जमतात. रोट म्हणजे तिचा नैवेद्य; त्यासाठी गहू काढताना घरातल्या एकेका हयात पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकायची. त्या गव्हाचं शिजतं ते फक्त भाऊबंदांनी खायचं. आमच्याकडे तर परक्याला घासही देत नाहीत आणि उरलेलं टाकतही नाहीत.

त्या वर्षी मायच्या हातून चूक झाली. मुठी टाकताना सवयीनं तिनं पहिलं नाव नानांचं घेतलं. काकूनं तिचा हात धरला, पण गहू पडून गेले होते आणि पडलेली मूठ परत काढायची नाही असा रिवाज. "राहू दे," माय म्हणाली. दुपारी नानांच्या वाट्याचं ताट वाढून, झाकून, चुलीजवळ बाजूला ठेवलं. त्याचं काय करायचं हे कोणालाच सुचेना.

बाराच्या सुमारास शेळके आला. आम्ही मोटर आदल्या दिवशीच हलवू अशी त्याला शंका होती, म्हणून गिरणीवर नजर ठेवायला समोर आमच्या ओट्यावरच ठाण मांडून बसला. आल्या आल्या भाऊबंदांसमोर त्याची शिवीगाळ झाली. काका काठी घेऊन उठले, तेव्हा माय आडवी आली. "कानबाईसमोर मारामारी नको शे," म्हणाली.

आम्ही पुरुष मागच्या खोलीत जेवायला बसलो. चुलतभावाची बायको नवीनच लग्न होऊन आलेली, नाशिककडची, तिला आमचे रिवाज ठाऊक नव्हते. ओट्यावर माणूस उपाशी आहे आणि इथं ताट झाकून ठेवलंय, एवढंच तिनं पाहिलं आणि नेऊन दिलं. काकूच्या लक्षात आलं तोवर शेळकेनं पुरणपोळी, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं पुसून खाल्लं होतं. ती ओरडली. मी बाहेर आलो, माय दारात उभी होती.

शेळकेनं ताटातच हात धुतला. मग उठला आणि गिरणीकडे बघत, अगदी सावकाश, आमच्या अहिराणीत म्हणाला,

"मीटरनी पाटीना मागे देख. ट्यूबमा गुंडाळेल शे."

हा माणूस दोन महिन्यांत अहिराणीचा एक शब्द बोलला नव्हता. गिरणीत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं, मीच टाकू दिलं नव्हतं. मी धावतच गेलो. मीटरच्या लाकडी पाटीचे दोन स्क्रू काढले. मागच्या खोबणीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, दोन्ही तोंडं सुतळीनं बांधलेला. आत पावती. तीन हप्ते, शिक्का, सही, सगळं.

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. सोमवारी मॅनेजरनं ती पावती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि वहीत नोंद केली. माफी वगैरे काही नाही. पण पुन्हा कोणी आलं नाही. शेळकेनं नंतर ती नोकरी सोडली असं ऐकलं.

त्याला आधीच माहीत होतं म्हणावं, तर कुठून? आणि माहीत होतं तर दोन महिने आमची अब्रू कशाला काढली? मी खूप डोकं लढवलं. हाती काही लागलेलं नाही.

पण मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. पावती हातात नाचवत मी गिरणीतून बाहेर आलो तेव्हा मायनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं रस्त्यावर शेळकेची बाही धरली होती आणि विचारत होती, "भाऊ, आखो काय सांगं तेस्नी?" अजून काय सांगितलं त्यांनी...

शेळके घामाघूम झाला होता. "मावशी, मी काही बोललोच नाही हो," एवढंच म्हणत होता. शेवटी बाही सोडवून, मोटारसायकल तिथंच टाकून, तो पायी स्टेशनकडे निघून गेला.

त्याच संध्याकाळी मी पावती मायपुढे ठेवली. म्हटलं, माय, सुटलो आपण. तिनं तो कागद घडी करून कानबाईपुढे ठेवला आणि मला विचारलं, "अकरा दिन... नुसती पावतीच व्हती का रे?"

माय गेली त्याला आता सहा वर्षं झाली. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे.