बहिणीचे आजचे वय काढा

"समजा! समजा! जन्मभर समजत आलास. पण मेल्या, समजायला तुला माझंच वय सापडलं?"

ताईच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात कागद. कागदाला अर्ध्या कॉलरचा आकार आलेला होता. गणवेशाच्या कॉलरचा नमुना कापायला तिने नेहमीप्रमाणे भावाच्या रद्दीतला कागद उचलला होता आणि कापता कापता सहज वाचला होता. कात्री जिथे थांबली होती, तिथे सहावं उदाहरण होतं.

"मी नाव कुठे घातलंय?" सर म्हणाले. "'एक बहीण' असं म्हटलंय. जगात बहिणी काय थोड्या आहेत?"

"वाच. मोठ्याने वाच."

सरांनी कागद हातात घेतला. गणित मोठ्याने वाचायचं म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप वर्गातला व्हायचा. "'एक बहीण तिच्या भावापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. अठरा वर्षांपूर्वी, भावाच्या लग्नाच्या वेळी, त्यांच्या वयांचे गुणोत्तर सातास सहा होते. तर बहिणीचे आजचे वय काढा.' भाषा सोपी आहे."

"आणि समोर भिंतीवर तुमच्या लग्नाचा फोटो! खाली तारखेसकट! अकरा पोरं रोज त्याच्याखाली बसतात."

"फोटोचा उदाहरणाशी संबंध नाही."

"ताई, आधी ती कात्री खाली ठेवा," सरांची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती घाबरली नव्हती. कात्री तिची होती.

या भांडणात कुणाचं चुकत होतं ते सांगायचं तर आधी सर कोण ते सांगायला हवं. मुलं त्यांना समजासर म्हणत. गेली बावीस वर्षं ते बैठकीच्या खोलीत शिकवणी घेत आणि बीजगणित असो की भूमिती, फक्त शाब्दिक उदाहरणं शिकवत. सूत्रं शाळेत शिका, मंत्रासारखी पाठ करा, माझं काही म्हणणं नाही. पण 'एका माणसाकडे' असं वाक्य सुरू झालं की जो वही मिटून टाकतो, त्याने माझ्याकडे यावं, असं त्यांचं म्हणणं. आणि पोरं यायची. रडत यायची आणि वर्षअखेर हसत जायची. त्यामुळे बायकोला लग्न झाल्यापासून बैठकीची खोली अशी मिळालीच नव्हती. तिच्या मैत्रिणी आल्या तर त्या स्वयंपाकघरात उभ्याने गप्पा मारून जायच्या.

सरांची एक अडचण होती. त्यांना खोटे आकडे सुचत नसत. सुरुवातीला एकदा त्यांनी मनानेच एक उदाहरण रचलं होतं, तर त्यातल्या व्यापाऱ्याला पावणेचार मुलगे झाले. एका पोराने मान खाली घालून विचारलं, "सर, तो पाऊण मुलगा बसतो कसा?" सर आठ दिवस कुणाच्या नजरेला नजर देईनात. तेव्हापासून त्यांनी घरातले खरे आकडे वापरायला सुरुवात केली. खऱ्याचं उत्तर पूर्णांकात येतंच, असं त्यांचं मत होतं, कारण ते आधी घडून गेलेलं असतं.

झालं. गच्चीवरची टाकी दोन नळांनी किती वेळात भरते आणि तळाच्या गळतीमुळे किती वेळ जास्त लागतो, हे नववीच्या अकरा पोरांना माहीत होतं. सरांची बायको टपाल कचेरीत जाताना ताशी साडेचार किलोमीटर चालते आणि येताना तीन, हेही. ("येताना पिशवी असते," ती म्हणायची. "ती तुमच्या उदाहरणात नसते.") एकदा माळ्यावरचा डबा काढताना ती शिडीवरून घसरली. सर धावत आले, तिला उठवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "शिडी भिंतीशी किती अंशांत होती गं?" त्यावर ती जे बोलली, ते मात्र कुठल्याच उदाहरणात आलं नाही.

पण हे सगळं टाकी, शिडी, पिशवी इथवर ठीक होतं. ताईच्या वयाची गोष्ट वेगळी होती. ताईच्या वयावर आता लग्न टांगलेलं होतं.

मागच्या खोलीत ताई शाळेचे गणवेश शिवायची. लग्नाचं मनावर तिने कधी घेतलंच नव्हतं. गेल्या वर्षी सुईत दोरा ओवता येईना म्हणून ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदार विधुर, बोलायला मऊ. त्याने यंत्रापुढे बसवलं, अक्षरं वाचून घेतली आणि चिठ्ठीवर लिहायला वय विचारलं. ताईच्या तोंडून निघून गेलं, "शेहेचाळीस." का निघून गेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तो पेन उघडून वाट बघत होता आणि दुकानात सगळीकडे आरसे होते, एवढंच.

चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून ती परत गेली, मग घट्ट झाली म्हणून गेली. सहा महिन्यांत जगातल्या कुठल्याच चष्म्याची दांडी इतक्या वेळा बिघडली नसेल. शेवटी चष्मेवाल्यांनी सरळच विचारलं आणि ताई सरळच हो म्हणाली. फक्त शेहेचाळीस तसेच राहिले. सर अठ्ठेचाळीसचे. म्हणजे चष्मेवाले घरी आले की ताई धाकट्या भावाला 'दादा' म्हणायची. पहिल्यांदा तिने "दादा, पंखा लावतोस का?" म्हटलं, तेव्हा सरांनी मागे वळून पाहिलं होतं.

आणि आज संध्याकाळी पाच वाजता चष्मेवाले लग्नाची तारीख ठरवायला येणार होते. त्यांची पुतणी सरांच्या अकरा पोरांपैकी एक होती. उदाहरणांचा कागद परवाच वाटून झाला होता.

"ती पोर ढ आहे," सरांची बायको धीर द्यायला म्हणाली. "तिला नसेल सुटलं."

"ढ नाही," सर म्हणाले. "घाई करते. आणि अडलं की काकांना विचारते."

ताई मटकन खुर्चीत बसली.

"तू आत्ताच्या आत्ता नवीन कागद काढ," ती म्हणाली. "म्हणावं छपाईत चूक झाली. बहीण दोन वर्षांनी लहान आहे."

"असं कसं? उत्तर अपूर्णांकात येईल. बहीण काय साडेपंचेचाळीस वर्षं एकवीस दिवसांची निघेल?"

"करून तर बघ!"

ती म्हणते ते कसं अशक्य आहे, हे दाखवायला सर फळ्याकडे गेले. बहीण शेहेचाळीस, भाऊ अठ्ठेचाळीस. अठरा वर्षांपूर्वी अठ्ठावीस आणि तीस. भागिले दोन. चौदास पंधरा.

सर फळ्याकडे बघत राहिले. त्यांनी पुसून पुन्हा केलं. चौदास पंधराच आलं, एकही अपूर्णांक नाही.

"आलं की!" बायको म्हणाली.

"आलं," सर बारीक आवाजात म्हणाले. बावीस वर्षं ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला, ती चार ओळींत गेली होती. खोट्याचंही उत्तर पूर्णांकात येत होतं आणि दिसायलाही चांगलं होतं. त्यांनी पाणी मागितलं.

"मग लिही," ताई म्हणाली.

"नाही लिहिणार."

"अरे, आलं ना पूर्णांकात!"

"म्हणूनच. पोरं तपासून बघतील आणि बरोबर म्हणतील. मग मी काय तोंड दाखवू त्यांना?"

"आणि मी पाच वाजता काय तोंड दाखवू?"

ताई आत जाऊन शिवणयंत्रावर बसली. दिवसभर यंत्राचा आवाज येत राहिला. सरांच्या बायकोने मध्ये एकदा डोकावून पाहिलं, तर ताई एका गणवेशाला तिसरी बाही लावत होती.

पाचला पाच कमी असताना बेल वाजली. दार ताईनेच उघडलं आणि सवयीने ओरडली, "दादा, हे आलेत!"

चष्मेवाले आत आले. मागे पुतणी होती, वही छातीशी धरलेली. चष्मेवाले खुर्चीच्या टोकावर बसले. चहा आला. त्यांनी घोट घेतला, कप ठेवला, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि मांडीवर सपाट केला. सरांच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

"मी गणितात कच्चा," ते म्हणाले. "पण हिला अडलं, म्हणून बसलो. सोडवता सोडवता लक्षात आलं, की हे घर ओळखीचं आहे." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "दोन दिवस विचार केला. वय काय, आकडाच असतो. माणूस महत्त्वाचं. मला चालतंय."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच चालतंय?"

"हो. फक्त घरात थोडी तयारी केली. न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून घेतली. जिन्यालाही कठडा लावायला सांगितलाय. तुमच्या गुडघ्यांना सोयीचं पडेल."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

"काही नाही, काही नाही. पण एकाहत्तराव्या वर्षी आपण आधीच काळजी घेतलेली बरी."



"कितव्या?" ताईने विचारलं.

"एकाहत्तर," चष्मेवाले समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता लपवायचं काही कारण नाही हो. आणि खरं सांगतो, तुम्ही तेवढ्या वाटत नाही. साठीच्या वाटता."

सरांच्या बायकोने पदर तोंडात धरला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून भांडं पडल्यासारखा आवाज आला.

ताई उठली. तिने चष्मेवाल्यांच्या मांडीवरचा कागद ओढला, फळ्यापाशी गेली, चौदास पंधरा एका हाताने पुसलं आणि खडू असा दाबून धरला की त्याचे दोन तुकडे झाले.

"अठरा वर्षांपूर्वी बहीण सात क्ष, भाऊ सहा क्ष," ती लिहीत लिहीत म्हणाली. आयुष्यभर कापडाचे हिशेब केलेली बाई. तिचा हात कुठे अडत नव्हता. "दोघांत फरक पाचचा. म्हणजे क्ष पाच. सात पाचे पस्तीस. पस्तीस अधिक अठरा. किती झाले?"

"त्रेपन्न," चष्मेवाले म्हणाले.

"त्रेपन्न!" ताई ओरडली. "त्रेपन्न वर्षांची आहे मी! शेजारी ऐकू गेलं तरी चालेल! एकाहत्तर कुठून आणलेत?"

"तेवढेच आले होते आधी," चष्मेवाले गोंधळून म्हणाले. "पण मग ही म्हणाली, काका, अठरा मिळवायला विसरू नका, सर मार्क कापतात. म्हणून मिळवले."

"पहिल्यांदा मिळवले होते तुम्ही?" पुतणीने विचारलं. "मला काय माहीत!"

सरांनी कागद हातात घेतला, खिशातलं लाल पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत तपासला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "पद्धत बरोबर आहे. शेवटची पायरी जास्तीची. पाचपैकी चार. एक मार्क पडताळा केला नाही म्हणून." मग फळ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तूही उत्तरापुढे 'वर्षे' लिहिलं नाहीस."

ताईने 'वर्षे' असं लिहिलं. अक्षर फळ्याच्या बाहेर जाऊन भिंतीवर आलं.

चष्मेवाले अजून विचारात होते. "त्रेपन्न," ते पुन्हा म्हणाले. "म्हणजे माझं यंत्र बरोबर होतं!"

"कुठलं यंत्र?"

"नंबर काढायचं. तुम्ही शेहेचाळीस सांगितलंत आणि यंत्र दोन नंबर दाखवत होतं. शेहेचाळिशीला दीडच्या वर सहसा जात नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. तीनदा दुरुस्तीला पाठवलं मी ते. तिसऱ्या वेळी तो कारागीर म्हणाला, यंत्राला काही झालेलं नाही, तुम्हीच एकदा तपासून घ्या." ते हसायला लागले. आधी दबून, मग चष्मा काढून. "आणि परवा एकाहत्तर आल्यावर म्हटलं, आता यंत्र विकूनच टाकावं!"

"माझं मेलीचं यंत्रही बिघडलंय म्हणायला हवं," ताई म्हणाली. "आज तीन बाह्यांचा शर्ट शिवलाय." आणि तीही हसायला लागली, पण खडू अजून तिच्या मुठीत होता.

स्वयंपाकघरातून सरांची बायको डोळे पुसत बाहेर आली. "ताई, चहा गार झाला. पुन्हा ठेवू?"

सरांचं या कुणाकडे लक्ष नव्हतं. ते फळ्यासमोर उभे राहून पुटपुटत होते. "समजा, एका घरात तीन माणसे राहतात. त्यांपैकी एक निघून गेल्यास उरलेल्यांच्या वयांची सरासरी..."

"बस्स," ताई म्हणाली.

तिने खडूचे दोन्ही तुकडे फळ्याच्या कडेवर नीट ठेवले, हात साडीला पुसले आणि पुतणीसह सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"पाच तारखेला लग्न आहे," ती म्हणाली. "न्हाणीघरातली दांडी काढायची नाही, लागेल पुढे. शिवणयंत्र मी घेऊन जातेय. ती खोली रिकामी झाली की तू तुझा फळा तिकडे हलव. बैठकीची खोली यापुढे वहिनीची."